अठ्ठेचाळीस मतांचा हिशेब

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी झाली. यंत्रांवर नोंदलेल्या मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतपत्रिका मिळवल्यावर वायकरांची बेरीज ४,५२,६४४ झाली, कीर्तिकरांची ४,५२,५९६ झाली आणि ४८ मतांच्या फरकाने निकाल लागला. देशभरातल्या त्या निवडणुकीतले हे सर्वांत कमी मताधिक्य होते. पुढच्या काही दिवसांत मतमोजणी केंद्रात वापरलेल्या एका मोबाइलची बातमी पसरली, त्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने ईव्हीएम उघडता येते असे सांगितले जाऊ लागले आणि अख्ख्या शहराने यंत्रविज्ञानात पदवी घेतल्यासारखी चर्चा सुरू केली. मतदान यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते आणि ते उघडायला ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी केला आणि ज्या वृत्तपत्राने ती बातमी दिली होती त्याने चूक कबूल केली. संशय मात्र शिल्लक राहिला तो राहिलाच.

या प्रकरणातली एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेतली नाही. निकाल फिरवला तो टपाली मतपत्रिकांनी, म्हणजे कागदाने. पुढे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा तिथला मुख्य वाद प्रदत्त मतांचा होता. आपल्या नावावर आधीच कुणी मतदान करून गेल्याचे कळल्यावर मतदाराला जी मतपत्रिका देऊन मत नोंदवून घेतात, तीही कागदाचीच असते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. यंत्रावरच्या अविश्वासाने सुरू झालेला वाद अशा रीतीने कागदापाशी येऊन थांबला, आणि तरीही आपण आजतागायत ‘यंत्र की कागद’ याच प्रश्नाभोवती फिरत आहोत. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जातो. निकाल लागल्यावर हरलेल्या उमेदवाराला आणि त्याला मत देणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल, हाताने मोजता येईल असे काय उरते, आणि ते मोजण्याची मुभा त्याला किती मिळते, असे विचारले पाहिजे.

कागदाच्या काळाबद्दल आपल्याकडे एक हळवेपणा आहे. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ अशी आरोळी चाळीच्या चौकात घुमायची आणि तिचे यमक ‘शिक्का’ या शब्दाशी जुळायचे, कारण मत म्हणजे शिक्काच होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या लोखंडी मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या, याचा मुंबईकराला अभिमान वाटला तर ते योग्यच आहे. परंतु त्याच निवडणुकीत, याच शहरात, मुंबई शहर उत्तर या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे पंधरा हजार मतांनी पराभूत झाले, आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतपत्रिकांची संख्या ७४,३३३ होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायची होती. दोन्ही एकाच पेटीत पडली तर एक बाद. बाबासाहेबांनी अशोक मेहता यांच्यासह या निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली होती. फरकाच्या जवळजवळ पाचपट मते बाद होणे हे कागदी मतदानाच्या इतिहासातले बारीकसारीक प्रकरण नव्हे. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला, शाईचा डाग घडीतून पलीकडे उमटला, अंगठा उठला, अशा कारणांनी मतपत्रिका बाद होत आणि ती बाद करायची की नाही हे टेबलावरचा अधिकारी ठरवत असे. केंद्र ताब्यात घेऊन गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारण्याचे प्रकार ज्या राज्यांत सर्रास होत, तिथल्या मतदाराला कागदाचे हे दिवस परत हवे आहेत का, हे मुंबईत बसून ठरवणे थोडे सोपे आहे.

अलीकडचे उदाहरणही कागदाचेच आहे. ३० जानेवारी २०२४ रोजी चंदिगडच्या महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि अल्पमतातला उमेदवार विजयी घोषित झाला. तो अधिकारी मतपत्रिकांवर स्वतः खुणा करताना कॅमेऱ्यात दिसला. वीस फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका मागवून पाहिल्या, ती आठ मते वैध धरली आणि निकाल उलटवला. कागदावर फसवणूक करणे किती सोपे आहे हे या प्रकरणातून दिसते, आणि कागदावरची फसवणूक पकडणेही तितकेच सोपे आहे हेही दिसते. न्यायाधीशांना ती समजण्यासाठी कुणा तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र लागले नाही. कागदाचा हा दुसरा गुण मला महत्त्वाचा वाटतो आणि मतपत्रिका परत न आणताही तो टिकवता येतो, एवढेच या लेखात मला मांडायचे आहे.

यंत्राची बाजू आधी नीट समजून घेऊ. केरळमधल्या परूर मतदारसंघात १९८२ साली ५० मतदान केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरले गेले. हरलेले उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि कायद्यात यंत्राची तरतूदच नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावले. यंत्रावर मूळ निकाल १२३ मतांचा होता. फेरमतदानात जोस जिंकले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ आले आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांवर यंत्राने मतदान झाले. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या ती बनवतात. एका मिनिटात चारपेक्षा अधिक मते यंत्र घेत नाही, त्यामुळे केंद्र बळकावणाऱ्याला गठ्ठ्याने मते टाकता येत नाहीत आणि पोलीस पोहोचेपर्यंत त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. बाद मताचा प्रश्न तर जवळजवळ मिटला. कुठले यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे दोन वेळा यादृच्छिक पद्धतीने ठरते, आणि मतदानाच्या सकाळी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घेऊन मगच खऱ्या मतदानाला सुरुवात होते. दूरवरून लहरी सोडून मते फिरवल्याच्या कथा ज्यांना सांगायच्या असतील त्यांनी खुशाल सांगाव्यात. त्यांना आधार नाही.

परंतु यंत्र हातात आले तर? या प्रश्नाचे उत्तरही मुंबईशी जोडलेले आहे. २०१० साली हैदराबादचे हरी प्रसाद आणि अमेरिका व नेदरलँड्समधले दोन संगणकतज्ज्ञ यांनी एका खऱ्या मतदान यंत्राचे सुटे भाग बदलून त्यावर दिसणारा निकाल कसा फिरवता येतो हे दाखवले. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून बाहेर गेल्याचे निष्पन्न झाले आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना यंत्रचोरीच्या आरोपावरून अटक झाली. ते जुन्या पिढीचे यंत्र होते आणि आजची यंत्रे उघडण्याचा प्रयत्न झाला तर बंद पडतात, हे खरे मानले तरी गोदामाच्या कुलुपावर आणि तिथल्या नोंदवहीवर सगळी भिस्त आहे हे त्या प्रकरणाने उघड केले. कुलूप राखणारा माणूस प्रामाणिक आहे असे गृहीत धरायचे असेल, तर मग कागदाच्या काळातल्या त्या टेबलावरच्या अधिकाऱ्यालाही तेच गृहीतक लागू करावे लागेल.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली तेव्हा त्यात हेराफेरी झाल्याचे कुणीही सिद्ध केले नव्हते. निवडणुकीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत, हा त्या न्यायालयाचा मुद्दा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना कागदी पुरावा हा मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी अपरिहार्य असल्याचे म्हटले, आणि त्यातून आज आपण पाहतो ते व्हीव्हीपॅट यंत्र सगळीकडे आले. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते, मग ती कापली जाऊन खालच्या पेटीत पडते. म्हणजे २०१९ पासून देशातल्या प्रत्येक लोकसभा आणि विधानसभा मताला कागद आहे. निवडणूक संचालन नियमांतला नियम ५६-ड असे सांगतो की यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरायचा. ‘कागदावर मतदान घ्या’ म्हणणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते, आणि ‘यंत्रावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांना ते आठवून द्यायचे नसते.

या चिठ्ठ्या मोजल्या किती जातात? प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या. आधी एकच केंद्र होते. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते पाच झाले. एका निवडणुकीत मी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसलो होतो. यंत्राची मोजणी म्हणजे अधिकारी एक बटण दाबतो, पडद्यावर आकडे येतात, आपण ते नमुना १७-क, म्हणजे मतदान केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा कागद, त्यावरच्या एकूण मतांशी ताडून पाहतो आणि कागदावर उतरवतो. दहा मिनिटांत एक यंत्र हातावेगळे होते. शेवटी चिठ्ठ्यांची पाळी आली तेव्हा सभागृह निम्मे रिकामे झाले होते आणि बाहेर गुलाल उधळला जात होता. बँकेच्या रोखपालाच्या पिंजऱ्यासारख्या एका खोक्यात बसून दोन कर्मचारी पेटीतल्या चिठ्ठ्या चिन्हानुसार कप्प्यांत टाकत होते, पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या बांधत होते. तिथे उरलेले आम्ही चार-पाच जण एकेक चिठ्ठी पाहत होतो आणि त्या तासाभरात, दिवसभरात प्रथमच, आपण मते मोजताना पाहतो आहोत असे मला वाटले. त्या पाचही केंद्रांचे आकडे जुळले.

पाच हा आकडा पुरेसा आहे की नाही याचे उत्तर प्रश्न कोणता विचारला आहे यावर अवलंबून असते, आणि दोन्ही बाजूंचे लोक नेमकी इथेच गल्लत करतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातली यंत्रे घाऊक प्रमाणात फिरवली गेली असा आरोप झाला. राज्यात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, आणि सर्व ठिकाणी आकडे जुळल्याचे आयोगाने जाहीर केले. राज्यातल्या सुमारे एक लाख केंद्रांपैकी शंभरात एका यंत्रातही गडबड असती, तर सोडतीने निवडलेल्या १,४४० यंत्रांत त्यातले एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी भरते. निवड मोजणीच्या दिवशी सोडतीने होते, तोवर कुठले केंद्र निघणार हे कुणालाच ठाऊक नसते. तेव्हा राज्यव्यापी कारस्थानाचा आरोप टिकत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते, आणि ज्या पक्षांना मी मत देतो त्यांच्या समर्थकांना हे वाचून राग येणार याची मला कल्पना आहे.

आता हेच गणित एका मतदारसंघापुरते मांडू. तीनशे केंद्रे आहेत आणि त्यांतल्या दहा यंत्रांत काही तरी बिघडले आहे असे धरा. पाच केंद्रांच्या मोजणीत त्यांतले एखादे तरी सापडण्याची शक्यता शंभरात सोळाच्या आसपास आहे. तीस यंत्रे बिघडलेली असली तरी ती शंभरात एक्केचाळीसच होते. निकाल वीस हजार मतांचा असेल तर दहा यंत्रांनी काही बिघडत नाही. निकाल ४८ मतांचा असेल तर एक यंत्र पुरते, आणि हे यंत्र कुणी हेतूने बिघडवलेले असण्याचीही गरज नाही. अभिरूप मतदानाची मते पुसायची राहून गेली, एका केंद्राचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात चढला, इतके पुरे. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाच्या २०२२ मधल्या निवडणुकीत आकड्यांची अशीच अदलाबदल झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आवारात यंत्रे आणून पुन्हा मोजणी करवली आणि पराभूत ठरलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी निघाला. यंत्रे बिनचूक होती, चूक माणसाची होती, आणि न्याय मिळायला जवळजवळ तीन वर्षे गेली.

म्हणून चिठ्ठ्या किती मोजायच्या हे मताधिक्यावर ठरले पाहिजे. मोठ्या फरकाच्या ठिकाणी पाच केंद्रे पुष्कळ झाली. फरक एका ठरावीक मर्यादेच्या आत आला, समजा झालेल्या मतांच्या अर्ध्या टक्क्याच्या आत, तर त्या मतदारसंघातल्या सगळ्या चिठ्ठ्या आपोआप मोजल्या जाव्यात, त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागू नये आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर ते सोडू नये. यावर वेळेचे कारण सांगितले जाते. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, प्रत्येकी चौदा टेबले धरली तर ८४ होतात. केंद्रे सतराशे धरली आणि एका यंत्राच्या चिठ्ठ्यांना एक तास दिला, तर एका टेबलाच्या वाट्याला वीस यंत्रे, म्हणजे वीस तासांचे काम येते. कागदाच्या काळात याच शहराने निकालासाठी दोन-दोन रात्री जागून काढल्या आहेत. देशातल्या सगळ्या जागांवर हे करावे अशी मागणीच नाही. अशा अटीतटीच्या जागा दर निवडणुकीत मूठभर असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर दिलेल्या निकालात मतपत्रिकांकडे परतण्याची आणि शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची, अशा दोन्ही मागण्या फेटाळल्या. पहिली फेटाळली हे बरोबर झाले असे मला वाटते. त्याच निकालाने व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची स्मृती कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासून घेण्याची मुभा दिली. या तपासणीचा खर्च सुरुवातीला एका यंत्रसंचामागे ४०,००० रुपये आणि वर जीएसटी असा होता. इतके पैसे भरून उमेदवाराच्या हाती काय पडते? ज्यांनी यंत्र बनवले त्यांचेच प्रमाणपत्र. पलीकडच्या पेटीत चिठ्ठ्या पडून असतात आणि त्या मोजायला अभियंता लागत नाही, पाचवी पास कारकून पुरतो. चिठ्ठ्या मोजण्यासाठी यंत्र वापरता येईल का हे पाहावे अशी सूचनाही त्या निकालात आहे. ते जमले तर वेळेचे कारणही संपेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिकांवर फेरमतदान घ्यायचे ठरवले होते. विशेष म्हणजे त्यांचा उमेदवार निवडून आला होता. आपल्या गावातून त्याला मते कमी कशी पडली, एवढाच त्यांचा सवाल होता. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो बेत बारगळला. तशा मतदानातून काहीच सिद्ध झाले नसते, कारण शेजाऱ्यांच्या नजरेखाली पंधरवड्याने दिलेले मत हे आधीचे मत नसते. पण त्या गावाच्या चिठ्ठ्या तेव्हा मोहोरबंद पेटीत सुरक्षित होत्या. पोलिसांच्या गाड्या पाठवण्याऐवजी त्या पेट्या गावकऱ्यांसमोर उघडण्याची सोय कायद्यात असती, तर दोन तासांत प्रश्न एका बाजूला लागला असता.

हे सारे लोकसभा आणि विधानसभेपुरते झाले, जिथे चिठ्ठी निदान आहे. महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे व्हीव्हीपॅटच नाही. बहुसदस्यीय प्रभागांत एकाच मतदाराला तीन-चार मते द्यायची असतात, तिथे हे यंत्र जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कारण पुढे केले जाते. पुणे-ठाण्याला ते कदाचित लागू पडेल. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडला जातो, विधानसभेला निवडला जातो अगदी तसाच. तरीही जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी झालेले मतदान चिठ्ठीविना झाले. प्रभाग लहान असतो, फरक शेकड्यांत आणि कधी दहा-वीसमध्ये असतो, म्हणजे कागदाची गरज जिथे सर्वांत जास्त तिथेच तो नाही. कर्नाटक सरकारने स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घेण्याचा पवित्रा घेतला आहे. मला तो मागे जाणारा वाटतो, पण त्यामागची अडचण खरी आहे.

२०१७ च्या महापालिका निवडणुकीत दक्षिण मुंबईतल्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणी झाली, म्हणजे त्याच यंत्रांवरचे तेच बटण पुन्हा दाबले गेले आणि तेच आकडे पुन्हा आले, कारण पुन्हा मोजण्यासारखे दुसरे काही उपलब्धच नव्हते. शेवटी सोडत काढून शहांना विजयी घोषित करण्यात आले. त्या प्रभागाच्या निवडणुकीत हाताने उचलून सर्वांना दाखवता आलेली एकमेव चिठ्ठी ती सोडतीची होती.